ठेंगणी मुलगी, डबल्स आणि मात्सुतोमो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगी बारा वर्षांची, उंची चार फूट आठ इंच, दीड वर्षापासून एकाच मैत्रिणीबरोबर बॅडमिंटनची डबल्स खेळते. कोच म्हणाले, "हिची उंची बघता सिंगल्समध्ये काही व्हायचं नाही, डबल्सच धरा." मग तुम्ही रिओ ऑलिंपिकच्या फायनलचा व्हिडिओ पाहिलात, त्यातली जपानची मिसाकी मात्सुतोमो जेमतेम १५९ सेंटिमीटर उंचीची आहे हे कळलं, आणि आता विचारताय की मुलीने तोच रस्ता धरावा का आणि त्या रस्त्याने पोट भरतं का.

मी कोल्हापुरात सव्वीस वर्षं शिकवते आहे. त्याआधी राज्य पातळीवर खेळले, तेही डबल्सच. तेव्हा थोडी पक्षपाती आहे हे आधीच सांगून ठेवते.

तुम्ही उंचीबद्दल विचारलंय, पण खरी भीती वेगळी दिसते. डबल्स म्हणजे सिंगल्स न जमलेल्यांची सोय, आणि आपल्या मुलीला त्या सोयीत ढकललं जातंय, असं तुम्हाला वाटतंय. कोचने ज्या शब्दांत सांगितलं त्यावरून वाटणारच. मात्सुतोमोच्या कारकिर्दीकडे बघायचं तर या भीतीसाठी बघा, कारण तिथे डबल्सकडे कुणी असं बघितलंच नाही.

काही गोष्टी मात्र मला इथे बसून सांगता येणार नाहीत. तुम्ही दोघं नवरा-बायको किती उंच आहात, मुलगी वयात आली आहे की यायची आहे, तुमच्या गावात तिच्या तोडीच्या मुली किती, दहावीच्या वर्षी खेळ बंद करायचा असं घरात आधीच ठरलंय का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही. बारा वर्षांची मुलगी पुढच्या दोन वर्षांत चार बोटंही वाढेल किंवा वीतभरही. त्यामुळे उंचीवरून आजच कुठलंही दार बंद करू नका, सिंगल्सचंही नाही.

आता मात्सुतोमो. व्हिडिओ पुन्हा लावा आणि या वेळी शटल बघू नका, फक्त तिला बघा. तिची जोडीदार आयाका ताकाहाशी मागून स्मॅश मारते तेव्हा ही पुढच्या सर्व्हिस लाइनच्या थोडी मागे उभी असते. गुडघे वाकलेले, रॅकेट छातीसमोर, आणि रॅकेटचं डोकं नेटच्या पट्टीपेक्षा वर. ती मागे वळून बघत नाही. तिची नजर समोरच्या खेळाडूच्या रॅकेटवर असते. ताकाहाशी उजव्या कोपऱ्यातून सरळ स्मॅश मारणार असेल, तर ही मधोमध न थांबता पाऊल-दीड पाऊल उजवीकडे सरकलेली दिसेल. याला कारण आहे. सरळ आलेल्या स्मॅशचं सरळ उत्तर सगळ्यात लवकर नेटवर येतं, ते आणि मधलं उत्तर तिला कापायचं असतं. तिरकं उत्तर लांबून येतं, तिथे पोचायला वेळ मिळतो.

शटल हाती लागल्यावरही ती दर वेळी ठोकत नाही. पुष्कळदा नुसतं ढकलते, समोरच्या मुलीच्या कमरेपाशी किंवा दोघींच्या मधल्या फटीत. समोरच्यांना शटल पुन्हा वर उचलावंच लागतं आणि ताकाहाशीला पुन्हा स्मॅश मिळतो. महिला डबल्समध्ये एका स्मॅशने गुण क्वचित मिळतो, बचाव फार पक्का असतो. चार-पाच स्मॅश सलग मारायला मिळाले पाहिजेत, आणि ते मिळवून देण्याचं काम पुढच्या मुलीचं.

या कामाला उंची लागत नाही असं म्हणणार नव्हते, पण बऱ्याच अंशी खरं आहे. नेटची उंची मध्यावर १.५२४ मीटर. त्याच्या जरा वर आलेलं चपटं शटल घ्यायला हात फार लांब लागत नाही, लवकर लागतो. अंगावर आलेलं शटल काढायला ठेंगण्या मुलीला कमी वाकावं लागतं. शिवाय २०१८ पासून सर्व्हिस करताना शटल जमिनीपासून १.१५ मीटरच्या खाली असावं असा एकच नियम सगळ्यांना आहे. आधी मोजमाप खेळाडूच्या स्वतःच्या खालच्या बरगडीवरून व्हायचं. ठेंगण्या खेळाडूची बरगडी १.१५ पेक्षा खालीच असते, म्हणजे नव्या नियमाने तिला काही सेंटिमीटर फुकट मिळाले आणि उंच मुलींना वाकायची सवय करावी लागली. उंची खरी नडते ती जोडीदाराशी जागा बदलताना मागे जावं लागलं की. डोक्यावरून मागच्या कोपऱ्यात टाकलेलं शटल ठेंगणीला फार छळतं. म्हणून जोडी कुणाशी, हा प्रश्न तिच्या बाबतीत जास्त मोठा. ताकाहाशी १६५ सेंटिमीटरची, म्हणजे तीही काही ताड-माड नव्हती, पण मागून न थकता मारत राहायची.

या दोघी भेटल्या कशा ते बघा, कारण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथून निघतं. मात्सुतोमो १९९२ ची, शिकोकू बेटावरच्या तोकुशिमाची. ताकाहाशी १९९० ची, नारा भागातली. दोघीही घर सोडून सेंडाईच्या एकाच हायस्कूलमध्ये गेल्या, कारण तिथली बॅडमिंटनची तालीम नावाजलेली. ताकाहाशी शाळेत एक वर्ष पुढे. २००७ मध्ये जोडी जमली. शाळा संपल्यावर ताकाहाशी निहोन युनिसिस या कंपनीत लागली, वर्षभराने मात्सुतोमोही तिथेच. कंपनीचं नाव आता बिप्रोजी झालंय, धंदा संगणक प्रणालींचा, आणि तिचा स्वतःचा बॅडमिंटन संघ आहे. जपानमध्ये बँका, वाहतूक कंपन्या, दूरसंचार कंपन्या असे संघ बाळगतात आणि एकमेकांविरुद्ध लीग खेळतात. खेळाडू कंपनीचा नोकर असतो. अठराव्या वर्षी तिला पगार, कोच, कोर्ट आणि फिजिओ मिळतो, आणि मुख्य म्हणजे जोडीदार त्याच हॉलमध्ये रोज भेटतो. संघांच्या लढतीत डबल्सचे सामनेही मोजले जातात, त्यामुळे कंपनीला डबल्सच्या मुली हव्याच असतात. त्यांना कुणी उरलेल्यांत काढत नाही.

राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक २००४ पासून पार्क जू-बोंग होते. कोरियाचे, आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचे पुरुष दुहेरीचे सुवर्णविजेते. सर्वोच्च खुर्चीत डबल्सचा माणूस बसला की खालपर्यंत फरक पडतो. २०१२ मध्ये लंडनला मिझुकी फुजिई आणि रेइका काकिइवा यांनी रौप्य मिळवलं. जपानचं बॅडमिंटनमधलं ते पहिलं ऑलिंपिक पदक, तेही डबल्सचं.

लंडनला ताकाहाशी-मात्सुतोमो नव्हत्या, हे आपल्याकडच्या पालकांना मुद्दाम सांगते. एकत्र खेळायला लागून पाच वर्षं झाली होती आणि ऑलिंपिकची जागा देशातल्याच दुसऱ्या जोड्यांनी घेतली होती. आपल्याकडे दोन स्पर्धा हरल्या की पालक फोन करतात, "मॅडम, पार्टनर बदलून बघू या का?" या दोघींची जोडी तशीच राहिली. ऑक्टोबर २०१४ मध्ये त्या जगात पहिल्या क्रमांकावर पोचल्या आणि डिसेंबरात दुबईतली सुपर सिरीज फायनल्सही जिंकल्या. जपानी लोक अशा जोडीला एकच नाव देतात. यांना म्हणायचे 'ताकामात्सु', ताकाहाशीतला 'ताका' आणि मात्सुतोमोतला 'मात्सु'. गंमत म्हणजे शिकोकूत ताकामात्सु नावाचं एक शहरही आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात दिल्लीला सिरी फोर्टवर उबेर कप, म्हणजे महिला संघांची जागतिक स्पर्धा झाली. सेमीफायनल भारत विरुद्ध जपान, पाचपैकी तीन सामने जिंकायचे. सायनाने पहिली सिंगल्स जिंकली, सिंधूने दुसरीही जिंकली, आपण २-० ने पुढे, आणि लोक घरी जायच्या मूडमध्ये होते. मग ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांच्यासमोर ताकाहाशी-मात्सुतोमो उभ्या राहिल्या आणि तीन गेममध्ये जिंकल्या. पुढची सिंगल्सही गेली. २-२. शेवटच्या डबल्सला आपण कुणाला उतरवलं? सायना आणि सिंधूला. जगातल्या दोन उत्तम सिंगल्स खेळाडू, पण जोडी म्हणून तयार नसलेल्या. जपानकडून मियुकी माएदा आणि काकिइवा, दोघी मुरलेल्या डबल्सवाल्या. सामना दोन सरळ गेममध्ये संपला आणि आपण ३-२ ने हरलो. डबल्स ही वेगळी विद्या आहे हे मी पालकांना तासभर समजावत बसायचे, हल्ली नुसती ही लढत सांगते.

२०१६ त्यांचं वर्ष. मार्चमध्ये ऑल इंग्लंड जिंकलं, १९७८ नंतर ते जिंकणारी पहिली जपानी महिला जोडी. ऑगस्टमध्ये रिओ. गटात पुन्हा ज्वाला-अश्विनी समोर आल्या, २१-१५, २१-१०. फायनल १८ ऑगस्टला, डेन्मार्कच्या कामिला रिटर युल आणि क्रिस्टिना पेडरसन यांच्याशी. त्याच दिवशी सिंधूने जपानच्याच नोझोमी ओकुहाराला सिंगल्सच्या सेमीफायनलमध्ये हरवलं, त्यामुळे आपल्याकडे ही फायनल फारशी कुणी पाहिली नाही. मीसुद्धा नंतरच पाहिली, हे कबूल करते. पहिला गेम जपानने १८-२१ असा गमावला, दुसरा २१-९ जिंकला. तिसऱ्यात १६-१९ ने मागे. डेन्मार्कला दोन गुण हवे होते. तिथून सलग पाच गुण घेत २१-१९.

ते पाच गुण बघताना चमत्कार शोधू नका. मी माझ्या मुलींना ते आवाज बंद करून दाखवते आणि एकच विचारते, पुढच्या मुलीची रॅकेट कधी खाली गेली का? १६-१९ ला, इतक्या थकल्यावर, हात खाली यायला काय लागतं? तुमच्या मुलीची रॅकेट पहिल्या गेमच्या अर्ध्यातच कमरेवर येत असेल. बहुतेक मुलींची येते.

जपानचं बॅडमिंटनमधलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. १९९६ ते २०१२ या पाच ऑलिंपिकांत महिला दुहेरीचं सुवर्ण दर वेळी चीनने नेलं होतं, तो क्रमही तिथे तुटला.

इथवरची गोष्ट बातम्यांत येते. पुढची तुम्हाला जास्त कामाची आहे. सुवर्णानंतर जपानमध्ये डबल्सच्या जोड्या एवढ्या तयार झाल्या की घरातच जागा कमी पडायला लागली. २०१८ आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेची महिला दुहेरी फायनल जपानच्याच दोन जोड्यांत झाली, मायु मात्सुमोतो-वाकाना नागाहारा आणि युकी फुकुशिमा-सायाका हिरोता. दोन्ही वेळा मात्सुमोतो-नागाहारा जिंकल्या. ताकाहाशी-मात्सुतोमोंनी २०१८ च्या शेवटी वर्ल्ड टूर फायनल्स जिंकल्या, म्हणजे खेळ संपला नव्हता. पण ऑलिंपिकला एका देशाच्या जास्तीत जास्त दोन जोड्या जातात. जगज्जेत्या दर्जाची तिसरी जोडी घरी बसते. टोकियो ऑलिंपिक करोनामुळे वर्षभर पुढे गेलं आणि ऑगस्ट २०२० मध्ये तिशी गाठलेल्या ताकाहाशीने निवृत्ती जाहीर केली.

मात्सुतोमो तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. तेरा वर्षं एकाच जोडीदाराबरोबर खेळलेली, आणि जोडीदार गेली. सिंगल्सवाल्याची कारकीर्द त्याच्या स्वतःच्या गुडघ्यावर अवलंबून असते, डबल्सवाल्याची चार गुडघ्यांवर. ती मिक्स्ड डबल्सकडे वळली, युकी कानेकोबरोबर. मिक्स्डमध्ये बाई बहुतेक वेळ पुढे असते, म्हणजे तिचं जे सगळ्यात पक्कं होतं तेच तिथे लागत होतं. हे तिला जमलं कारण तिने जोडीपलीकडचं, स्वतःचं असं कौशल्य कमावलेलं होतं. तुमच्या मुलीच्या बाबतीत मला याचीच काळजी आहे. दीड वर्षाची जोडी छान आहे, पण उद्या त्या मैत्रिणीच्या वडिलांची बदली झाली तर तुमच्या मुलीकडे काय उरतं, हे बघा.

याच्या उलट चूक मी स्वतः केली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे दोघी होत्या, तेरा-चौदाच्या. एक ठेंगणी, नेटवर विलक्षण हात. दुसरी दणकट पण जरा संथ. जिल्हा स्पर्धेत दुसऱ्या आल्या. पहिला नंबर यावा म्हणून मी ठेंगणीला एका वरच्या मुलीबरोबर जोडलं. नंबर आला. संथ मुलगी दोन महिने मुकाट्याने येत राहिली, मग यायची बंद झाली. नव्या जोडीतल्या वरच्या मुलीला सिंगल्सच हवी होती, वर्षाने ती पुण्याला गेली. ठेंगणीला जोडीदार उरली नाही. त्या दोघींना मी तीन वर्षं एकत्र ठेवलं असतं तर कुठे पोचल्या असत्या ते सांगता येत नाही, पण निदान दोघी खेळत राहिल्या असत्या.

पोटापाण्याचं सांगायचं तर आपल्याकडे जपानसारखी कंपनी-संघांची रांग नाही. रेल्वे आणि पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकरी देतात, महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, आणि यात डबल्सची प्रमाणपत्रंही चालतात. मात्र वरच्या दर्जाची कामगिरी लागते आणि जागा थोड्या असतात, त्यामुळे शिक्षण सोडून यावर बसू नका. वातावरण बदललंय हे खरं. सात्विकबरोबर खेळणारा चिराग शेट्टी मुंबईचा, पॅरिस ऑलिंपिकला अश्विनीबरोबर उतरलेली तनिषा क्रास्टो गोव्याची. माझ्या वेळी डबल्सच्या खेळाडूचं नाव रिक्षावाल्याला माहीत असणं शक्यच नव्हतं, आज चिरागचं असतं.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? पंधरा वर्षांपर्यंत सिंगल्स सोडवली नसती. ठेंगण्या मुलीला मागच्या कोपऱ्यात जाऊन परत येण्याचे पाय सिंगल्सच देते, आणि डबल्समध्ये ते पाय नसले की तिला मागे खेचून मारतात. आठवड्यातले सहा दिवस खेळत असेल तर चार दिवस सिंगल्सचा सराव आणि दोन दिवस निव्वळ डबल्सचा, खरा, मल्टी-शटल लावून, म्हणजे एकामागून एक शटल टाकत. आपल्याकडे डबल्सचा सराव म्हणजे शेवटची वीस मिनिटं चौघींना कोर्टवर सोडणं, तो धरू नका. जोडी तशीच ठेवा, पण महिन्यातून एखाद्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या मुलीबरोबर, शक्य असेल तर मुलाबरोबर मिक्स्ड खेळवा. आणि दोघी मुलींच्या पालकांनी एकत्र बसून किमान दोन वर्षांचं बोलून घ्या: स्पर्धा कुठल्या, खर्च कसा, दहावीचं काय. जोड्या कोर्टवर कमी आणि पार्किंगमध्ये जास्त तुटतात.

कोचशी भांडू नका. "डबल्सच धरा" म्हणाले ते कदाचित हात बघूनच म्हणाले असतील, फक्त कारण उंचीचं दिलं. त्यांना विचारा की डबल्समध्ये तिची जागा पुढे की मागे, आणि का. यावर पाच मिनिटं बोलू शकले तर माणूस जाणकार आहे. "उंची नाही ना" एवढंच पुन्हा आलं तर मात्र दुसरा कोच शोधायला लागा.

आणि एक काम तुमच्यासाठी. पुढच्या स्पर्धेत तिच्या डबल्सचा पूर्ण एक गेम कोर्टच्या मागून शूट करा. मोबाइल स्टँडवर लावा आणि सोडून द्या, शटलच्या मागे फिरवत बसू नका. घरी आल्यावर तिला एकटीला दाखवा. जोडीदार मागून मारते तेव्हा हिच्या रॅकेटचं डोकं नेटच्या वर किती वेळा असतं, हे तिलाच कागदावर मोजू द्या. तिचा आकडा आणि गेमचा स्कोअर मला कळवा, मग पुढचं बोलू.